मालाच्या स्प्रिंगा

गाडी लिफ्टवर वर गेली होती आणि आबा तिच्या पोटाखाली उभे राहून मान वर करून बघत होते. पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल झिरपून खाली आलं होतं आणि त्यावर रस्त्याची धूळ बसून काळा लेप तयार झाला होता. आबांनी बोट लावून पाहिलं, मग ते बोट रुमालाला पुसलं आणि लगेच हळहळले, कारण रुमाल इस्त्रीचा होता.

"हे कधीपासून गळतंय?"

"बरेच दिवस झाले असतील," मिस्तरी म्हणाला. "किंवा आत्ताच सुरू झालं असेल."

या मिस्तरीला सगळा भाग 'वकील' म्हणायचा. कुठल्याही गाडीची तो दोन्ही बाजूंनी वकिली करायचा आणि निकाल गिऱ्हाइकावर सोडून द्यायचा. आबांचं त्याच्याशी जमायचं ते त्यामुळेच. निकाल द्यायला आबांना फार आवडायचं.

"शॉकअप चारही गेले, यात वादच नाही," वकील म्हणाला. "स्प्रिंगांचं म्हणाल तर बदलायला हव्यात. पण नाही बदलल्या तरी चालतंय."

"नाही बदलल्या तर काय होईल?" दादाने विचारलं. दादा म्हणजे आबांचा थोरला. तो मघापासून हात मागे बांधून, लग्नाच्या हॉलची पाहणी करावी तसा गाडीभोवती फिरत होता.

"काही नाही. नवे शॉकअप लवकर जातील."

"म्हणजे नाही चालत."

"तसं मी म्हणालो नाही."

आबांनी हात उंचावून मागच्या स्प्रिंगेवर ठेवला. रंग उडाला होता, खालचं वेटोळं गंजलं होतं, पण अजून कशी दणकट होती. या स्प्रिंगा म्हणजे आबांच्या अकलेचं स्मारक होतं. ते फरशीच्या कंपनीचे फिरते विक्रेते होते तेव्हा डिकीत नमुन्यांच्या पेट्या असायच्या, आणि फरशी म्हणजे शेवटी दगडच. गाडीचं बूड खाली बसायचं, पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडायचे. तेव्हा आबांनी शोधून काढलं की याच गाडीच्या जातीची एक मालाची व्हॅन येते आणि तिच्या जाड तारेच्या स्प्रिंगा हिला बसतात. मागच्या त्यांनी बसवल्याच, भेदभाव नको म्हणून पुढच्याही बसवल्या. गाडी ताठ उभी राहिली. पुढे नोकरी संपली, पेट्या गेल्या, डिकीत एक छत्री आणि जॅक उरला. मालाच्या स्प्रिंगा मात्र राहिल्या. मधे एक तुटली तेव्हा आबांनी सगळी दुकानं पालथी घालून तशीच दुसरी आणली होती.

"रविवारच्या आत व्हायला हवी," आबा म्हणाले.

रविवारी संध्याकाळी अक्काच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाणार होती. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, मुलांची मावशी. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या मुलाचा फोन आला तो आबांनीच घेतला. "घर विकलंय, काका. मावशीला रविवारपर्यंत बघायचं असेल तर बघून जाऊ दे. मी बोलावत नाहीये, कळवतोय." एवढं बोलून भाच्याने फोन ठेवला.

ते घर म्हणजे आईचंही माहेर. म्हाताऱ्या आईवडिलांना अक्काने सांभाळलं, म्हणून आईने आपल्या वाट्यावर पाणी सोडून तिला सही करून दिली होती. त्यानंतर काही वर्षांनी आईचं तिकडे जाणं कमी होत होत थांबलं. अक्का अंथरुणाला खिळली, "ये गं एकदा" म्हणून निरोपावर निरोप आले, तरी आई गेली नाही. अक्का गेल्यावर गेली. तेव्हा भाचा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. घरातल्या प्रत्येकाने याचा आपापल्या परीने अर्थ लावला होता आणि सगळ्यांचा अर्थ एकच निघाला होता: सही करून बसल्याचं तिला सलतंय. आबांनी तर तो अर्थ अक्का आजारी असतानाच भाच्याला फोनवर सांगूनही टाकला होता. काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून.

आता मात्र तिला न्यायचंच, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. जिच्यावर रुसायचं ती तर उरली नाही. निदान घर तरी डोळ्यांखालून घालावं, चार आसवं गाळावीत आणि मोकळं व्हावं. बायकोच्या मनातला काटा आपण काढणार, या कल्पनेने आबांना स्वतःचंच थोडं कौतुकही वाटत होतं.

"आई येते म्हणाली?" दादाने विचारलं.

"बघू म्हणाली."

आईचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"मालाच्याच टाकूया आबा," दादा म्हणाला. "माझ्या छापखान्याचे गठ्ठे न्यायला पुढेमागे उपयोगी पडतील."

"मालाच्याही चांगल्याच," वकील म्हणाला. "फक्त आता गाडीत माल नाही. जड स्प्रिंग रिकाम्या गाडीला उडवते, आणि तिचा धक्का साध्या शॉकअपला आवरत नाही. म्हणून तर हे असं तेल जातं. पण तुम्हाला सवय आहे. कंपनीची साधी स्प्रिंग टाकली तर गाडी मऊ चालेल, थोडी खाली बसेल. तीही चांगलीच."

"दोन्हींतली एकेक दे," आबा म्हणाले. "घरी नेऊन टेबलावर ठेवतो."

*

टेबलावर ठेवणं ही त्या घराची जुनी पद्धत. काहीही घ्यायचं असलं की आबा नमुने जेवणाच्या टेबलावर मांडायचे आणि प्रत्येकाचं मत विचारायचे. मोरीची फरशी, पडद्याचं कापड, दाराचा रंग, सगळं त्या टेबलावरून गेलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, हे सासर फारच पुढारलेलं वाटलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की मतं सगळ्यांची घेतात आणि वस्तू आबांची येते.

आज टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर दोन स्प्रिंगा उभ्या होत्या. एक जाड तारेची, एक बारीक. दादा त्या स्कूटरवरून आणताना मागे बसलेल्या आबांनी दोन्ही मांडीवर जुळ्या नातवंडांसारख्या धरल्या होत्या म्हणे.

"ही मालाची, ही साधी," आबा म्हणाले. "दाबून बघा, उचलून बघा."

"हाताने दाबून काय कळणार?" छोटी म्हणाली. छोटी धाकटी मुलगी. स्वतःच्या दोन पोरांची आई झाली तरी नाव छोटीच राहिलं होतं. आज पोरं नवऱ्यावर सोपवून ती मुद्दाम या मतदानासाठी आली होती. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळत नसलं तरी मत द्यायचं."

"माझं मत मालाची," दादा म्हणाला. "एकदा टाकली की बघायला नको. गठ्ठे न्यायचे तर साधी दोन दिवसांत बसेल."

"गठ्ठे? गाडी तुझी झाली वाटतं?"

"तसं नाही छोटे. पण आबांना आता एवढं चालवायला होत नाही, गाडी नुसती उभी राहणार, त्यापेक्षा..."

"मी इथेच बसलोय," आबा म्हणाले. "अजून जिवंत आहे."

गॅरेजपर्यंत एका बाजूला असलेले बापलेक टेबलापाशी वेगळे झाले. छोटीने तेवढ्यात संधी साधली. "मग माझं मत साधीला," ती म्हणाली. स्प्रिंगेशी तिला काही देणंघेणं नव्हतं, गाडी दादाकडे जाऊ नये एवढंच तिला हवं होतं. वहिनीला हे स्वच्छ दिसलं. नवऱ्याला मात्र दिसत नव्हतं, तो जाड स्प्रिंगेवर दोन्ही हात ठेवून आपल्या पूर्ण वजनानिशी दाबून दाखवत होता.

"बघ. हलते का? याला म्हणतात स्प्रिंग!"

"आई, तुझं मत?" छोटीने विचारलं.

आई टेबलाच्या टोकाला, खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती नेहमी तशीच बसायची. "तुम्ही म्हणाल ते," ती म्हणाली. हे तिचं ठरलेलं मत होतं. मोरीच्या फरशीच्या वेळीही हेच होतं.

"तिला काय विचारतेस?" दादा हसला. "तिला अंबारी लागते."

सगळे हसले. हा घरातला जुना विनोद. मालाच्या स्प्रिंगा नव्या बसल्या तेव्हा आबांनी आईला आणि पाहुण्यांना गाडीत घालून चक्कर मारून आणली होती. उतरताना आई हळूच म्हणाली होती, "जरा लागतंय हो." त्यावर आबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "राणीसरकारांना हत्तीवरची अंबारी मागवूया!" पाहुणे पोट धरून हसले. छोटी तेव्हा लहान होती. तिने 'अंबारीवाली आई' असं एक गाणं रचलं आणि प्रत्येक प्रवासात खड्डा आला की ते म्हणायची. पुढे लाडाने हाकच पडली, अंबारीबाई.

आईही हसली. पण हसता हसता तिचा उजवा हात मागे गेला आणि कमरेच्या वर टेकला, हे वहिनीने पाहिलं.

वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं सरकवून "आता बरं दिसतं, की आता?" हेच विचारायचं तिचं काम. काही माणसं दर वेळी "दोन्ही सारखंच" म्हणतात. त्यांना दिसत नसतं असं नाही, आपलं उत्तर चुकेल याची त्यांना भीती असते. अशा वेळी घाई करायची नाही, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती.

तिने दोन्ही स्प्रिंगा उचलून आईच्या पुढ्यात ठेवल्या. "आई, ही बरी, की ही?"

"सारख्याच असतील गं."

वहिनीने घाई केली नाही. नुसती थांबून राहिली. दादाने "पुरे आता" म्हणून हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

आईने बारीक स्प्रिंगेवर बोट ठेवलं. "ही."

"का?" आबांनी विचारलं.

"सहजच."

"सहज कसं? काहीतरी कारण असेल."

"आबा, मी सांगू?" वहिनी म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, कारण या टेबलावर सून म्हणून ती कधी चौथं वाक्य बोलली नव्हती. "गाडीतून कुठूनही आलं की आई आडव्या होतात. डोकं दुखतंय म्हणतात. मावशी गेल्या तेव्हा आई तिकडून आल्या, तर आठवडाभर उठल्या नाहीत."

"बहीण गेली होती तिची," आबा म्हणाले. "दुःख झालं होतं तिला."

"दुःख झालंच होतं," आई म्हणाली. "पण दुःखात माणसाला कुशीवर वळता येतं. मला वळता येत नव्हतं."

*

बोलून झाल्यावर आईला वाटलं, हे एवढंसं वाक्य होतं. एवढंसंच होतं, तर इतकी वर्षं घशात का अडकलं?

समोर सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिला सवय नव्हती. तिने टेबलावरचा वर्तमानपत्राचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"डोकं नव्हतं दुखत," ती म्हणाली. "पाठ दुखायची. प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात शिरायचा. आधी थोडं दुखायचं, मग जास्त. मग मी जाणंच टाळायला लागले. जवळ कुठे जायचं तर दात आवळून जायचे. अक्काकडचा रस्ता लांबचा, आणि किती खराब ते तुम्हाला माहितीच आहे."

"म्हणजे मावशी आजारी होती तेव्हा..." छोटी अर्ध्यावर थांबली.

"पाठ जरा थांबली की जाऊ, असं म्हणत होते मी. दर आठवड्याला म्हणत होते. मला वाटलं अक्का आहे अजून. ती काय, मोठीच होती नेहमी, ती कुठे जाणार? गेली तेव्हा मात्र जावंच लागलं, तेव्हा नाही म्हणता येत नाही."

"मग बसने जायचं होतंस!" आबांचा आवाज चढला. कोंडीत सापडले की त्यांचा आवाज चढायचा.

"विचारलं होतं मी. तुम्ही म्हणालात, दारात गाडी असताना बसने गेलीस तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"अगं, पण पाठ दुखते म्हणून सांगायचं ना! तोंड नव्हतं का तुला?"

"होतं," आई म्हणाली. "एकदा उघडलं होतं."

कुणी हसलं नाही. छोटीचे डोळे भरून आले. "मी गाणं म्हणायचे," ती म्हणाली. "आई, खड्डा आला की मी मोठ्याने म्हणायचे."

"गोड म्हणायचीस," आई म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. पोरीला त्याने आणखीच रडू आलं.

दादा स्प्रिंगेवरून हात काढून बसला होता. त्याला काहीतरी जुळत नव्हतं. "पण मग सहीचं काय?" त्याने विचारलं.

"कसली सही?"

"घराची. तू मावशीला लिहून दिलंस ते. ते तुझ्या मनात आहे ना? म्हणूनच तू जात नव्हतीस."

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा आपला मुलगा, गेली कित्येक वर्षं आपल्याला घरासाठी बहिणीवर रुसलेली बाई समजत आला. आणि एकदाही त्याला विचारावंसं वाटलं नाही. तिने छोटीकडे पाहिलं. छोटीने मान खाली घातली. म्हणजे तीही.

"सही करताना अक्का रडत होती आणि मी तिला हसवत होते," आई म्हणाली. "म्हटलं, मरेपर्यंत भिंती रंगवाव्या लागतील तुला, मी सुटले. माझ्या मनात घर होतं हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

दोन्ही मुलांनी आबांकडे पाहिलं. आबा स्प्रिंगेकडे बघत होते.

"अहो?"

"भाच्याने विचारलं होतं," आबा म्हणाले. "आई आजारी आहे आणि मावशी का येत नाही, म्हणाला. काय सांगणार होतो मी? म्हटलं, तिच्या मनात घराचं आहे थोडं, होईल सगळं नीट. तुझी बाजूच घेतली मी."

आईला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. पण राग आला नाही. ती विचार करत होती. भाचा कामावरून घरी आला असेल, अक्काने पलंगावरून विचारलं असेल, काय म्हणाले रे काका? आणि त्याने सांगितलं असेल. तो लहानपणापासून काही लपवणाऱ्यातला नव्हता.

"म्हणजे अक्काला कळलं असणार," ती म्हणाली. "ती हेच समजून गेली."

ती उठली आणि आत गेली. मतदान तसंच राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी वकिलाला फोन केला. "साध्या बसव," ते म्हणाले. "चारही. शॉकअपसुद्धा साधे, कंपनीचेच."

"चांगला निर्णय," वकील म्हणाला. "अर्थात दुसराही..."

"दुसऱ्याचं नाव काढू नकोस."

दादाने चहा पिता पिता विचारून पाहिलं की मग गठ्ठ्यांचं कसं करायचं. "गठ्ठ्यांना टेम्पो करा," वहिनी म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला. आईने घरात काही बदल दिसू दिला नाही. जेवायला वाढलं, कपड्यांच्या घड्या घातल्या, आबांना औषध काढून दिलं. मात्र स्वतःहून एक शब्द बोलली नाही. आबांना तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माणूस शिव्यांना उत्तर देऊ शकतो.

शनिवारी संध्याकाळी ते गाडी घेऊन आले. गाडी आता बरीच खाली बसली होती. इतकी वर्षं टाचा उंचावून उभी असलेली गाडी अखेर तळव्यांवर उतरली होती. आबांनी बॉनेटवर हात दाबून सोडला. गाडी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली.

"चल, एक चक्कर मारू," ते दारातून म्हणाले. "लागतंय का बघू. लागलं तर उद्या जायचं नाही. मी एका शब्दाने आग्रह करणार नाही."

आई मागच्या सीटवर बसली. पुढच्या सीटवर नमुन्यांची पुस्तकं असायची तेव्हापासून ती मागेच बसायची. पुस्तकं गेली, पण पुढे ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. आबांच्या हे आत्ता, चावी फिरवताना लक्षात आलं. म्हणावं असं वाटलं, पण आज ते फार मोठं झालं असतं, म्हणून त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

शाळेपुढचे गतिरोधक गेले. पाइप टाकायला खणून तसाच बुजवलेला रस्ता गेला. आबांनी प्रत्येक खड्ड्यात गाडी मुद्दाम घातली आणि प्रत्येक वेळी आरशात तिचा चेहरा पाहिला. पूर्वी इथे स्टिअरिंग हाताला हिसका द्यायचं. आता गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी खालीवर होत होती. आबांना स्वतःलाही कळत होतं की ही गाडी अशीच असायला हवी होती, आणि त्यांना हे बोलून दाखवायचं धैर्य नव्हतं.

"लागतंय का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता.

"नाही."

पुलाजवळचा मोठा खड्डा आला. त्यातूनही गाडी सावकाश निघाली.

"इथेसुद्धा नाही?"

"नाही लागत," आई म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. मग बऱ्याच वेळाने, जणू हिशेब आत्ता जुळला असावा तशी म्हणाली, "म्हणजे मला जाता आलं असतं."

आबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. बाजूने एक सायकल गेली, एक ट्रक गेला. त्यांना माफी मागायची होती. आयुष्यभर शेकडो माणसांना फरशी विकताना ज्यांचा शब्द कधी अडला नाही, त्यांना आता एक शब्द जुळवता येईना.

"माझं चुकलं गं," शेवटी ते म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "उद्या मी येईन. पण माझ्या तोंडाने त्याला काही सांगणार नाही. मी सांगितलं तर वाटेल, आता घर विकल्यावर सारवासारव करायला आली. तुम्ही त्याला घराचं सांगितलं होतंत. तुम्हीच खरं काय ते सांगा."

"उद्या सांगतो. समोर बसून सांगतो."

"आत्ता."

आबांनी खिशातून फोन काढला. त्यांना नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर टाकायचे. भाच्याने लगेच उचलला.

"काका? उद्याचं काय ठरलं?"

"येतोय आम्ही. त्याआधी एक सांगायचंय." आणि आबांनी सुरुवात केली ती थेट मालाच्या व्हॅनपासून. डिकीतल्या पेट्या, जाड तार, रिकामी गाडी कशी उडते, शॉकअपला ते का आवरत नाही, सगळं सांगितलं. भाचा "हं" म्हणत राहिला. त्याला काही कळत नव्हतं, हे आबांनाही कळत होतं, पण मधला रस्ता तुडवल्याशिवाय शेवटाला पोचायची त्यांची हिंमत होत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "तर त्या गाडीत तिची पाठ मोडायची. ती मला सांगायला आली तेव्हा मी तिची चेष्टा केली. म्हणून ती तुमच्याकडे येत नव्हती. घराचं काही नव्हतं. ते मी माझ्या मनाने सांगितलं होतं तुला."

आबांनी फोन हलवून पाहिला.

"हॅलो?" आबा म्हणाले. "ऐकू येतंय का?"

"येतंय," भाचा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "काका, मी आईला तसं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात तसंच. त्यानंतर ती रोज एकच धरून बसली. अर्धं घर तिच्या नावावर कर रे, मग बघ, येईल ती. रोज म्हणायची. मी म्हणायचो, घरासाठी येणारी बहीण हवी कशाला तुला? तर म्हणायची, कशासाठी का येईना, येऊ दे." तो थांबला. "मी तेवढंसुद्धा केलं नाही. मला मावशीचा राग होता."

आबांना मागे वळून बघवलं नाही. दोन सीटच्या मधून आईचा हात पुढे आला. त्यांना वाटलं, ती फोन मागतेय. त्यांनी तो तिच्याकडे दिला. तिने फोन दोन्ही हातांत धरला, पण कानाला लावला नाही, तोंडाजवळ नेला, जणू पलीकडे ऐकणारा माणूस खूप लांब होता.

"घर नको होतं रे मला," ती म्हणाली. "पाठ दुखत होती माझी. बाकी काही नव्हतं."